पालखी तीनला येणार होती

होळी गुरुवारी झाली, धुळवड शुक्रवारी, आणि मग शनिवारी कोल्हापुरात काय असतं तर काहीच नसतं. आमच्याकडं होळी म्हणजे पोरांच्या टिमक्या, दारात चार शेणी, म्हणजे गोवऱ्या, आणि ताटात पुरणपोळी. त्यातल्यापण बऱ्याच शेणी आता पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान जातात आणि ते बरंच आहे, तिथं अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाहीत, त्यामुळं शेणी लागतातच. धुळवड म्हणजे मटण, त्यावर जास्त लिहायची गरज नाही. रंग मात्र आम्ही रंगपंचमीशिवाय हातात घेत नाही, ती अजून चार दिवसांवर. म्हणजे मधला शनिवार अगदी मोकळा, आणि मोकळा शनिवार म्हणजे माझ्या डोक्याला ताप, कारण मला नुसतं बसता येत नाही.

उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक जुना लेथ. एका जॉबला किती सेकंद लागतात ते आम्ही भिंतीवर लिहून ठेवतो, त्यातले दोन सेकंद वाचले तर त्या दिवशी सगळ्यांचा चहा माझ्याकडून. असल्या माणसाला ट्रिपला नेलं की तो ट्रिपचापण सायकल टाइम काढतो, असं बायको म्हणते. आता ती म्हणते म्हणजे असेल.

तर तिची एक मैत्रीण आहे, शिवाजी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर दोघी एका खोलीत होत्या. ती लग्न होऊन रत्नागिरीला गेली, म्हणजे रत्नागिरी शहर नाही, शहरापासून पंधरा-वीस मिनिटांवर एक गाव. दरवर्षी फोन करते, शिमग्याला या. दरवर्षी आमचं काहीतरी निघतं. ह्या वेळी तिनं सांगितलं की शिमग्यात गावदेवाची पालखी घरोघरी फिरते, ती शनिवारी आमच्या घरी आहे, दुपारी तीनच्या आसपास येईल. मी 'तीन' एवढंच ऐकलं. 'आसपास' ऐकलंच नाही, आणि पुढची सगळी कथा त्या एका शब्दाची आहे.

रात्री बसून मोबाईलवर प्लॅन केला. पहाटे साडेपाचला निघायचं, नऊला रत्नागिरी, भाट्याचा समुद्र एक तास, थिबा राजवाडा पाऊण तास, रत्नदुर्ग एक तास, एक वाजता सुरमई, तीनला पालखी, साडेचारला बाहेर, आणि अंधार पडायच्या आत आंबा घाट चढून वर. आठला घरी. बायकोनं वाचलं आणि 'बरं' म्हणाली. अण्णांना दाखवलं तर चष्मा न लावताच म्हणाले, "मला समुद्र दाखव. बाकी काय दाखवू नकोस."

अण्णा म्हणजे माझे वडील, बहात्तर वर्षांचे, शनिवार धरतात, म्हणजे सुरमईचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटलेलाच होता. पायात कायम कोल्हापुरी, तीपण कर्रकर्र वाजणारी. चप्पल वाजली नाही तर ती कोल्हापुरी कसली, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतल्या लोकांना अण्णा दिसायच्या आधी ऐकू येतात. समुद्रावर चाललोय, सँडल घाला म्हणलं तर माझ्याकडं असं बघितलं की मी गप गाडी काढली.

कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण एकशे तीस किलोमीटर. शिवाजी पुलावरून केर्ली, बांबवडे, मलकापूर, मग आंबा. रस्त्याचं काम ठिकठिकाणी चालू, कुठं एकदम विमानतळासारखा रस्ता आणि लगेच पुढं खडी. आंब्याला गाडीच्या काचा बंद ठेवाव्या लागतील एवढा गारठा होता, आणि घाट उतरून साखरप्याला आलो तर अण्णांनी स्वेटर काढून पोराच्या मांडीवर टाकला. अर्ध्या तासात हवा बदलते. कानात दडे बसतात, ते सुटले की झाडं वेगळी दिसायला लागतात. आमच्याकडं ऊस आणि ऊस आणि ऊस, इथं एकदम काजू, आंबा, फणस, आणि लाल मातीत जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे रचलेली कुंपणं. पोरगं सहावीत आहे, त्यानं विचारलं ही माती लाल का असते, मी म्हणलं लोखंड असतंय त्यात, गंजतंय ते. धंद्यातलं उत्तर सुचलं म्हणून जरा बरं वाटलं.

पाली, हातखंबा, रत्नागिरी. नऊ वाजून दहा मिनिटं. दहाच मिनिटं लेट, म्हणलं ठीक आहे, किल्ल्यावर भरून काढू.

भाट्याचा किनारा ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो, लांबच लांब सपाट वाळू, मागं सुरूची झाडं, एका टोकाला खाडी आणि दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ. रत्नागिरीत समुद्र दोन रंगांचे आहेत, एक काळा समुद्र आणि एक पांढरा समुद्र, म्हणजे पाणी नव्हे, वाळू. मांडवीकडं काळी, पलीकडं पांढरी. भाटे आमच्या प्लॅनमध्ये एवढ्यासाठी की गाडी अगदी जवळ लावता येते आणि अण्णांना चालायला कमी.

अण्णांनी वाळूत एक जागा बघितली. चप्पल काढून शेजारी नीट जोडीनं ठेवली, देवळाबाहेर ठेवतात तशी, आणि बसले. पोरगं पाण्यात, बायको फोटोत, मी घड्याळात. आता गंमत अशी की पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास समुद्राला उधाण असतं, भरती नेहमीपेक्षा वर येते आणि ओहोटी नेहमीपेक्षा लांब जाते, हे मला त्या दिवशी कळलं, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही आलो तेव्हा पाणी लांब होतं. इतकं लांब की अण्णा म्हणाले, रंकाळा ह्याच्यापेक्षा जवळ असतो. भरती सुरू झालेली होती पण ती काय हॉर्न वाजवत येत नाही. एक लाट आली, अण्णांच्या पायापासून दोन हातावर थांबली. पुढच्या दोन-तीन आल्याच नाहीत एवढ्या वर. अण्णा निवांत. आणि मग एक आली ती सरळ त्यांच्या मांडीखालून मागं गेली, आणि जाताना जोडी घेऊन गेली.

"चप्पल!" असं अण्णा ओरडले ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझी आजी गेली तेव्हासुद्धा ते एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. पोरगं पाण्यातून पळत आलं, एक त्याला सापडली, दुसरी एका अनोळखी बाईच्या पायाला जाऊन अडकली होती, तिनं उचलून दिली आणि म्हणाली, "कोल्हापूरचे काय?" पायताण बघून गाव ओळखलं.

चामड्याची चप्पल खाऱ्या पाण्यात भिजली की काय होतं ते सांगतो. आधी काळी पडते. मग तळव्याचे थर, जे चामड्याच्या वादीनं हातानं शिवलेले असतात, ते फुगतात. मग उन्हात ठेवली की वाकडी होते, आणि कडेनं मिठाची पांढरी रेघ येते. अण्णा ती चप्पल हातात धरून उलटी-सुलटी करत बसले. एक तासाचे अडीच तास कसे झाले मला कळलं नाही, कारण चप्पल अर्धी तरी वाळल्याशिवाय ते उठायला तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यांना समुद्रासमोर बसायला निमित्तच मिळालं होतं.

राजवाडा आता आतून बघायला वेळ नाही, म्हणून नुसतं थिबा पॉईंटवर गेलो. तिथनं खाली भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडं समुद्र असं सगळं एका नजरेत येतं. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं, त्याला गादीवरून काढलं आणि १८८६ ला इथं रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी बांधला तोच मुळी १९१०च्या सुमाराला, आणि १९१६ ला तो इथंच वारला. म्हणजे आयुष्यातली तीस वर्षं माणूस इथं, परत जायची वाट बघत. मी हे पोराला सांगत होतो आणि मधेच घड्याळ बघून म्हणलं, चला चला, साडेबारा झाले.

अण्णा म्हणाले, "तो तीस वर्षं थांबला. तुला दोन मिनिटं थांबवंना."

रत्नदुर्ग प्लॅनमधनं उडाला. मैत्रिणीचा फोन आला की गावाकडं यायच्या आधी भैरीबुवाचं दर्शन घेऊनच या, शहरात आलाय आणि असेच आलात तर सासरे मला बोलतील. श्री देव भैरी हे रत्नागिरीचं ग्रामदैवत. होळीला त्याची पालखी देवळातनं निघते आणि झाडगावच्या सहाणेवर येऊन बसते, ती रंगपंचमीपर्यंत. सहाण म्हणजे पालखी टेकायचा ओटा, कोकणात गावोगाव असतो. एरवी वर्षभर देवळात माणसं देवाला भेटायला जातात, ह्या दिवसांत देव बाहेर येऊन बसतो, एवढाच फरक, पण तो फरक केवढा मोठा आहे ते तिथं रांगेत उभं राहिल्यावर कळतं. बायका ओटी घेऊन, खण, नारळ, तांदूळ. नोकरीवरनं मधल्या सुट्टीत आलेला माणूस आयकार्ड गळ्यात तसंच. मुंबईहून आलेले चाकरमानी बॅगांसकट. कोण कुणाला ढकलत नाही. आमच्या अंबाबाईच्या नवरात्रातल्या रांगेची सवय असल्यामुळं मला उगीच वाटत होतं की मागचा माणूस घुसणार, तो घुसलाच नाही.

पालखीत रूपं लावलेली असतात, म्हणजे देवांचे चांदीचे मुखवटे. अण्णा अनवाणी होते, चप्पल गाडीच्या बॉनेटवर वाळत होती. त्यांनी हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले. बाहेर आल्यावर विचारलं काय मागितलं, तर म्हणाले, "काय नाही. पाव्हण्याच्या गावात आलोय, सांगायला नको का."

दर्शन झालं तेव्हा सव्वा वाजला होता. सुरमई! म्हणलं आता काहीही होवो. बाजारपेठेतनं गेलो तर निम्मी दुकानं बंद. दुपारी रत्नागिरी झोपते हे ऐकून होतो, पण शनिवारी, सणाचं, गिऱ्हाईक दारात असताना शटर ओढून माणूस घरी जाऊन जेवून झोपतो हे माझ्या डोक्यात बसत नाही. आता बसायला लागलंय थोडं. एक खानावळ उघडी दिसली, आत शिरणार एवढ्यात परत फोन. "भाऊजी, जेवायला थांबलोय आम्ही, बाहेर काही खाऊ नका हां." मी म्हणलं मासे आहेत का. ती हसायला लागली. पालखी येणार त्या घरात मासे कसले हो!

म्हणजे शुक्रवारी मटणाच्या रांगेत उभा राहून पोटभर हाडं खाल्लेला माणूस शनिवारी समुद्राच्या काठावर येऊन शाकाहारी झाला. मी बायकोकडं बघितलं. तिला हे आधीपासून माहीत होतं. ती खिडकीतनं बाहेर बघत होती.

गावात गाडी वरच ठेवायची, मग पाखाडी उतरून खाली घर. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, दोन्हीकडं गडगा. घर कौलारू, पुढं पडवी, पुढं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, त्यात मांडव घातलेला. बायको वरूनच ओरडली, "आलो गं!" आणि खालच्या सगळ्या बायका फिस्सकन हसल्या. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी जातो' म्हणतात हे आम्हाला कधी कानाला लागत नाही, पण कोकणात ते एकदम पकडलं जातं. दिवसभर मग तिथली चिल्लीपिल्ली एकमेकींना 'मी आलो, मी गेलो' करत होती.

आणि आता जेवणाबद्दल मला माझे शब्द मागं घ्यावे लागतील. ओल्या काजूची उसळ. आपल्याला काजू म्हणजे कतली आणि पुलावातला, तो वाळलेला, भाजलेला. हा त्याच्या आधीचा. झाडावरनं हिरवी बी काढायची, विळीवर उभी चिरायची, आतला गर काडीनं काढायचा आणि गरम पाण्यात टाकून त्याचं साल सोलायचं. ऐकायला सोपं आहे. त्या बीच्या टरफलात चीक असतो तो हाताला लागला की कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते. घरातल्या बायका आधी हाताला तेल चोपडून बसतात. बाजारात ह्या बिया शेकड्यावर विकतात, किलोवर नाही, आणि ज्यानं एकदा सोलल्यात तो भाव करत नाही असं मैत्रिणीची सासू म्हणाली. बायकोनं पन्नास एक सोलल्या, हौसेनं, तेल न लावता. तिच्या अंगठ्यावर अजून डाग आहे. मी तीन वेळा उसळ घेतली. त्यात ओलं खोबरं, मऊसूत गर, तिखट जवळपास नाहीच. पहिल्या घासाला वाटलं ह्यात तिखट टाकायला विसरले, चौथ्या घासाला वाटलं आपण आयुष्यभर चव झाकूनच खातोय की काय. सोबत कुयरीची भाजी, म्हणजे कोवळ्या फणसाची, आणि सोलकढी. अण्णा एवढं जेवले की पडवीत खांबाला टेकले आणि सरळ घोरायला लागले.

अडीच वाजले. पावणेतीन. मी खळ्यात उभा. रांगोळी घातलेली, पाट मांडलेला, समई तयार, पालखी नाही.

मैत्रिणीचे सासरे, तात्या म्हणतात सगळे त्यांना, झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. विचारलं, तीनला ना हो? तात्या म्हणाले, "येईल की."

साडेतीन. म्हणलं कुठंपर्यंत आलीय? वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर पोरं टाकत होती. 'वरच्या वाडीत आहे.' 'अजून आठ घरं.' मी मनात गणित केलं, एका घराला दहा मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटं, म्हणजे पाच. पाच वाजता परत बघितलं तर 'अजून सात घरं'. दीड तासात एक घर! एका ठिकाणी म्हणे नवस होता, दुसरीकडं मुंबईची सून पहिल्यांदा आली होती, तिची ओटी, मग चहा, मग पालखी नाचवली, मग ज्यांचं घर बंद आहे त्यांच्या दारातपण थांबली, कारण घर बंद असलं तरी दार आहे ना.

तात्यांना म्हणलं, आम्हाला घाट उतरत्या उजेडात चढायचाय हो. तात्या सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "घाट काय जात नाही कुठं."

साधारण सहाला मी हरलो. म्हणजे काय झालं, मोबाईल चार्जिंगला लावला आणि पडवीत अण्णांच्या शेजारी आडवा झालो. जांभ्याची भिंत उन्हात तापलेली असूनसुद्धा पडवी गार होती. वर कौलातनं एक उन्हाची रुपयाएवढी चकती जमिनीवर पडली होती, ती सरकत सरकत माझ्या मनगटावर आली, घड्याळावर, आणि पुढं गेली. मागच्या बाजूला कुणीतरी नारळ सोलत होतं, सोलण्यावर दाबल्यावर सालाचा जो चर्र आवाज येतो तो येत होता. पोरगं इथल्या पोरांबरोबर पोस्त मागायला गेलं होतं, शिमग्याला घरोघरी जाऊन पैसे मागतात ती पोस्त. ते सातच्या सुमाराला त्रेचाळीस रुपये आणि फाटलेली चड्डी घेऊन आलं. त्याला एक फाकपण पाठ झाली होती, 'हुर्रा रे हुर्रा, सोन्याचा तुरा रे हुर्रा'. बाकीच्या ज्या पाठ झाल्या होत्या त्या त्यानं आईसमोर म्हणल्या नाहीत. शिमग्याच्या फाका त्या, सगळ्याच काय सगळ्यांपुढं म्हणायच्या नसतात.

अंधार पडला. चंद्र अजून वर यायचा होता. आणि साडेआठच्या पुढं कधीतरी वरच्या अंगाला ढोल ऐकू आला. आधी ऐकू आला असं वाटलं, मग गप. मग परत. तात्या झोपाळ्यावरनं उठले, आणि दिवसभर जो माणूस 'येईल की' ह्याच्यापलीकडं काही बोलला नव्हता त्यानं एकदम धोतर सावरलं, टोपी घातली, आणि घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन आरडाओरडा सुरू केला, समई कुठंय, पाणी कुठंय, अजून कापूर नाही काढला?

पाखाडीवरनं पालखी उतरली. पुढं निशाण, ढोल-ताशे, मागं बॅटऱ्या आणि मोबाईलचे उजेड हलत हलत खाली येतायत. पायऱ्या अरुंद, पालखीचा दांडा लांब, वळणावर खांदा देणाऱ्यांपैकी एक जण गडग्यावर चढून चालत होता, पायात काही नाही. सकाळपासनं तीच पोरं असतील असं मला वाटलं, पण दर दोन-तीन घरांमागं खांदे बदलतात. खळ्यात आल्यावर बायकांनी पाणी घातलं, ओवाळलं, आणि मग पालखी नाचवायला सुरुवात. खांद्यावरनं डोक्यावर, डोक्यावरनं परत खांद्यावर, ढोलाच्या ठेक्यावर गोल फिरवायची, एवढं वजन, आत रूपं, आणि एक नारळसुद्धा हलत नाही. रूपं कापडानं घट्ट बांधलेली असतात ते मी जवळ जाऊन बघितलं. फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब हलू नये म्हणून धरून ठेवतं ते, व्यवस्थित होतं, असं माझ्या डोक्यात आलंच, काय करणार.

मग खूण काढायची ठरली. ही मला नवीन होती. कुठंतरी जमिनीत नारळ पुरून ठेवतात आणि पालखी ती जागा दाखवते. दोघं खांदेकरी, डोळे अर्धे मिटलेले, पालखी ओढेल तिकडं जातायत. एकदा मांडवाच्या खांबाकडं, परत मागं, एकदा सरळ माझ्या अंगावर, मी बाजूला झालो. अख्खं खळं गप. मग आंब्याच्या झाडाखाली, जिथं दुपारी पोरं बसली होती, तिथं दांड्याचं टोक खाली गेलं आणि एकाच जागी टेकत राहिलं, ठक, ठक. हातानं माती उकरली. वीतभर खाली नारळ. 'हुर्रा' असा काही आवाज झाला की वरच्या वाडीत ऐकू गेला असेल. आता तो नारळ कुणी पुरला, कुणाला माहीत होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला. अण्णांच्या डोक्यात नाही आला. ते रबरी स्लिपर घालून, कारण तात्यांनी त्यांना स्लिपर दिली होती, पुढच्या रांगेत पोरासारखे टाळ्या वाजवत उभे होते.

शेवटी गाऱ्हाणं. एक वयस्क मानकरी पुढं आले, नारळ ठेवला, आणि लांबलचक सुरू झालं. घराचं, गुराढोरांचं, आंब्याला मोहर टिकू दे, मुंबईत कामाला असलेल्यांचं भलं कर, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी एकदम "व्हय म्हाराजा!" तात्यांनी मधेच जाऊन मानकऱ्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मानकरी म्हणाले, "बा देवा म्हाराजा, कोल्हापूरचे पावणे आज तुज्या दारात दिवसभर थांबलेत…" "व्हय म्हाराजा!" "त्यांच्या पोराला परीक्षेत यश दे…" "व्हय म्हाराजा!" "त्यांच्या कारखान्याला बरकत दे…" "व्हय म्हाराजा!" "आणि त्यांना पुढच्या साली परत आण…" इथं सगळ्यात मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' कोण म्हणालं असेल ते सांगायला नको. मला नंतर बायकोनं सांगितलं, मला स्वतःला कळलं नव्हतं.

पालखी पुढच्या घरी गेली. तिथंसुद्धा लोक दुपारपासनं थांबलेच असणार.

आम्ही निघालो तेव्हा अकरा. बरोबर चार नारळ, एक पिशवीभर ओले काजू, आणि आंब्याची पेटी नाही, कारण तात्या म्हणाले मार्चमध्ये हापूस घेतो तो येडा, मे महिन्यात या, देतो. कोल्हापुरात मार्चमध्ये 'रत्नागिरी हापूस' म्हणून जे विकतात त्याबद्दल त्यांचं मत इथं लिहिण्यासारखं नाही. घाटात आमच्यापुढं एकही गाडी नव्हती. चंद्र आता चांगला वर आला होता आणि दरी अशी दिसत होती की पोरगं जागं असतं तर बरं झालं असतं. दोन वाजता घरी. प्लॅनप्रमाणं सहा तास लेट.

चप्पल वाचली, पण पूर्ण नाही. अण्णांनी रविवारी तिला एरंडेल लावलं, सोमवारी परत लावलं, मीठ गेलं, रंग थोडा आला. वाजायची मात्र थांबली. अगदीच गप. मंगळवारी सकाळी ते रंकाळ्यावर फिरायला गेले तर त्यांच्या कट्ट्यावरच्या मंडळींना ते मागनं आलेले कळलेच नाहीत, दचकले म्हणे सगळे. काय ओ अण्णा, चपलेला काय झालं? मी गाडी लावून येत होतो, लांबनं ऐकलं. अण्णा कट्ट्यावर टेकले, चप्पल काढून बाजूला जोडीनं ठेवली, आणि म्हणाले, "अरे, पालखी तीनला येणार होती."